भरवशाचे मोल

पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकातून भल्या पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत गाड्या सुटत असतात. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, भोर अशा पाट्या लावलेल्या या गाड्यांपैकी एखादी ठरल्या वेळी सुटली, ही गोष्ट कोणत्याही वृत्तपत्रात छापून येत नाही. ती छापून यावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. गाडी दरीत कोसळली तर तिची बातमी होते, संपात उभी राहिली तर तिच्यावर अग्रलेख लिहिले जातात. ती वेळेवर निघाली, खंबाटकीचा घाट उतरली आणि पन्नास माणसे दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचली, याची नोंद मात्र आगारातल्या कागदांपलीकडे कोठेच होत नाही. ज्या श्रमावर समाजाचे नित्याचे जीवन उभे असते, तो श्रम बिनबोभाट चालू असेपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाही. आणि जे नजरेस पडत नाही त्याचे मोल करण्याची बाजाराला गरज वाटत नाही.

याच्या उलट, नजरेत भरणाऱ्या गुणांचे कौतुक करण्यात हा समाज कधीही हात आखडता घेत नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंतांचे सत्कार होतात. वक्तृत्वाच्या स्पर्धा जिंकणाऱ्या तरुणांत उद्याचे पुढारी शोधले जातात. नोकरीच्या बाजारात ‘प्रतिभावान’ माणसांच्या शोधावर मोठमोठ्या कंपन्या अमाप पैसा खर्च करतात. ‘गुणवत्ता’ हा शब्द तर गेल्या काही दशकांत एक हत्यारच बनला आहे. राखीव जागांचा प्रश्न निघाला की ते बाहेर काढले जाते आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांच्यावरच ते उगारले जाते. जणू काही गुण ही जन्मजात खाजगी मालमत्ता आहे आणि ती ज्याच्यापाशी आहे त्याचे समाजावर कायमचे देणे लागते!

सार्वजनिक कामाच्या दृष्टीने ही मोजपट्टी सदोष आहे. हुशारी ही एका व्यक्तीच्या ठायी असणारी शक्ती आहे. भरवसा हा दोन माणसांमधला, किंवा एक माणूस आणि एक समाज यांच्यामधला, संबंध आहे. माणूस एकटा असतानाही हुशार असू शकतो. परंतु भरवशाचा ठरण्यासाठी त्याच्यावर दुसऱ्या कोणीतरी विसंबून असावे लागते. पहाटे साडेपाचची गाडी येणारच, हे गृहीत धरून कोणी दुधाच्या किटल्या रस्त्यावर आणून ठेवतो, कोणी कारखान्याच्या पहिल्या पाळीला नाव नोंदवतो, कोणी आजारी वडिलांना ससून रुग्णालयात दाखवण्याचा दिवस ठरवतो. एका माणसाच्या नियमितपणाच्या आधारावर शंभर माणसे आपापले बेत बांधतात. ते शंभर बेत म्हणजेच समाज. हा आधार काढून घेतला तर उरलेल्या हुशारीचे करायचे काय, हा प्रश्न कोणत्याही समाजवाद्याने गंभीरपणे विचारला पाहिजे.

वेळेवर सुटणे आणि भरल्यावर सुटणे

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने १ जून १९४८ रोजी दिले. त्या दिवशी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली गाडी गेली. तत्पूर्वी प्रवासी वाहतूक खाजगी गाडीवाल्यांच्या हाती होती. त्यांच्यात कसबी चालक नव्हते असे मुळीच नाही. कच्च्या रस्त्यावरून, मोडकळीला आलेली गाडी, टपापर्यंत माणसे भरून मुक्कामाला नेणे हे कौशल्याचेच काम होते. त्या व्यवस्थेत उणीव होती ती वेगळ्याच गोष्टीची. गाडी कधी सुटेल, किती भाडे पडेल, पावसाळ्यात येईल की नाही, हे सारे मालकाच्या मर्जीवर आणि गर्दीच्या मानावर अवलंबून असे. राष्ट्रीयीकरणाने यात मूलभूत बदल केला. गाडी भरलेली असो वा रिकामी, ती ठरल्या वेळी सुटेल; भाडे छापील दराने घेतले जाईल; आणि फायदा देणाऱ्या मार्गाच्या जिवावर तोट्यातला मार्गही चालवला जाईल, हे तत्त्व त्या दिवसापासून रुजू लागले. पुढे १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद घेऊन लाल गाड्या खेडोपाडी गेल्या.

हा फरक आजही कोणत्याही तालुक्याच्या गावी उभे राहून पाहता येतो. एका बाजूला वडाप करणारी जीप उभी असते. तिचा चालक चलाख असतो, चार शब्द गोड बोलतो, एसटीपेक्षा लवकर पोहोचवतो, हवे तेथे थांबतो. परंतु ती सुटते भरल्यावर. नऊ जणांच्या जागेत चौदा माणसे बसेपर्यंत ती हलत नाही, आणि बाजाराचा दिवस नसेल तर ती येतच नाही. दुसऱ्या बाजूला एसटी असते. ती खडखडते, तिच्या खिडकीची काच लागत नाही, वाहक क्वचित खेकसतो. पण फलाटावर लिहिलेल्या वेळी ती निघते, निदान निघायला बांधलेली असते; न निघाल्यास जाब विचारण्यासाठी एक खिडकी असते, एक तक्रारवही असते, विधानसभेत उत्तर देणारा एक मंत्री असतो. ‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन’ हे वचन मराठी माणसाच्या तोंडी रुळले ते एसटीच्या वेगामुळे किंवा आरामामुळे नव्हे. त्या वचनातला ‘वाट पाहीन’ हा भाग पुष्कळदा विनोदाने उच्चारला जातो, पण त्यातच त्याचा खरा अर्थ आहे. जी येणार नाही तिची वाट कोणी पाहत नाही.

भरवसा तुटला की भार कोणावर पडतो?

भरवशाचा प्रश्न हा वर्गाचा प्रश्न आहे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याच्या दाराशी स्वतःचे वाहन आहे त्याला एसटीची फेरी रद्द झाल्याचे कळतसुद्धा नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो रिक्षा करतो, मोटार भाड्याने घेतो, दुसऱ्या दिवशी जातो. पैसा म्हणजे एका अर्थी अविश्वासार्ह व्यवस्थेविरुद्ध उतरवलेला विमाच असतो. ज्याच्यापाशी हा विमा नाही, त्याला व्यवस्थेच्या प्रत्येक चुकीची किंमत रोख मोजावी लागते. ती किंमत कधी बुडालेल्या मजुरीची असते, कधी चुकलेल्या परीक्षेची, तर कधी वेळेवर न मिळालेल्या औषधाची.

मुक्कामी गाडीचेच उदाहरण घ्यावे. संध्याकाळी आडगावी पोहोचणारी, रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे माणसे घेऊन शहराकडे निघणारी ही गाडी म्हणजे राज्य परिवहनाने खेड्यांना दिलेले सर्वांत मोठे वचन होते. चालक आणि वाहक गावच्या देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर, पुष्कळदा गाडीतच झोपत. गावातल्या घरांतून निघालेले जेवणाचे डबे याच गाडीने शहरात शिकणाऱ्या मुलांपर्यंत जात. वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि टपालाच्या थैल्या हिच्यातूनच येत. शाळकरी मुलींना महामंडळाने मोफत प्रवासाचा पास दिला, तेव्हा त्या पासाचे मोल भाडे वाचण्यापुरते नव्हते. मुलगी सहा वाजता घरी येईल याची आईला खात्री असणे, हे त्याचे खरे मोल होते. संध्याकाळची फेरी आठवड्यातून दोनदा रद्द होऊ लागली, की पास असूनही त्या मुलीची शाळा सुटते. कोणी तिला शाळेतून काढल्याची नोंद कोठेही सापडत नाही. घरातील वडीलधारी मंडळी ‘आता पुरे’ असे म्हणतात, एवढेच. सवलतीची घोषणा करणे सोपे असते, कारण घोषणा एकदाच करावयाची असते. फेरी मात्र रोज चालवावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे झाले. या दोन्ही सवलती स्वागतार्हच आहेत. परंतु ज्या गावी गाडीच जात नाही, तेथे निम्म्या भाड्याचे तिकीट कोठून फाडावयाचे?

धन्याचा भरवसा आणि लोकांचा भरवसा

येथे एक आक्षेप निघेल आणि तो समाजवादी कार्यकर्त्यानेच काढला पाहिजे. भरवशाचा माणूस हवा, ही तर प्रत्येक मालकाची जुनी मागणी! इमानी गडी, निमूट कामगार, कधी रजा न घेणारी मोलकरीण, यांची स्तुती सरंजामदारांनी आणि भांडवलदारांनी यथेच्छ केली आहे. मग भरवशाचे गोडवे गाणे म्हणजे गुलामीचेच गोडवे गाणे नव्हे काय?

आक्षेपात तथ्य आहे. म्हणून भरवसा कोणाचा, कोणावर आणि परतफेडीत काय, हे विचारल्यावाचून या गुणाचा गौरव करता येत नाही. स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर गुलटेकडीचा मार्केट यार्ड आहे. तेथल्या हमालाइतका भरवशाचा माणूस शोधून सापडायचा नाही. पोते पाठीवर घेतले की ते ठरल्या जागी उतरणार, वजनात खोट येणार नाही, हे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरत आला. पण ज्याच्या पाठीवर सारा बाजार उभा होता, त्याला स्वतःला कशाचाच भरवसा नव्हता. आज काम मिळेल की नाही, मजुरी किती पडेल, पाठ मोडली तर घर कसे चालेल, यांपैकी कशाचेही उत्तर व्यापाऱ्यावर बंधनकारक नव्हते. भरवसा सगळा एका बाजूने होता.

१९५५ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली, तिने या एकतर्फी व्यवहाराला हात घातला. पुढे १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई अशी त्याची रचना आहे. हिचा अर्थ एका वाक्यात सांगावयाचा तर असा की, जो समाज हमालावर विसंबतो त्या समाजावर हमालालाही विसंबता आले पाहिजे. पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ या उपक्रमामागेही हेच सूत्र आहे. घामाच्या मजुरीत परवडेल असे स्वच्छ अन्न रोज, त्याच ठिकाणी, त्याच प्रतीचे मिळावे. १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची पंचायत उभी राहिली आणि पुढे त्याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुण्याच्या दारोदारचा कचरा उचलू लागली. ज्यांना शहराने चोर ठरवून हटकले, त्यांच्या रोजच्या येण्यावर शहराचे आरोग्य अवलंबून राहू लागले. या स्त्रिया एक दिवस आल्या नाहीत तर काय होते, हे प्रत्येक सोसायटीच्या चिटणीसाला ठाऊक आहे. त्यांना हातमोजे, ओळखपत्र आणि ठरलेला मोबदला वेळेवर मिळतो की नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

तात्पर्य, निमूटपणा आणि भरवसा या दोन भिन्न गोष्टी आहेत. निमूट माणूस धन्याला घाबरून काम करतो आणि धन्याची पाठ वळली की त्याचे कामही वळते. भरवशाचा माणूस आपल्यावर विसंबलेल्या लोकांचा विचार करून काम करतो, आणि त्याच लोकांसाठी प्रसंगी धन्याला नकारही देतो. ब्रेक नादुरुस्त असलेली गाडी घाटात न्यायला नाही म्हणणारा चालक आज्ञाभंग करतो. परंतु त्या आगारात त्याच्याहून भरवशाचा माणूस दुसरा नसतो.

एकट्याच्या सद्‌गुणावर व्यवस्था चालत नाही

भरवसा हा केवळ वैयक्तिक चारित्र्याचा प्रश्न मानला तर दुसरी चूक होते. २५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वारगेट आगारातील एका चालकाने आपल्या कामावर नसलेली गाडी बाहेर काढली आणि शहराच्या रस्त्यांवरून ती बेफाम हाकली. नऊ माणसे मृत्यू पावली, अनेक जखमी झाली. पाळी बदलून मागितली असता ती नाकारली गेल्याची बाब खटल्यात पुढे आली. खालच्या न्यायालयाने दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जन्मठेपेत बदलली. त्या चालकाची जबाबदारी कोणत्याही कारणाने कमी होत नाही. मेलेल्या नऊ जणांच्या कुटुंबीयांसमोर तसे म्हणणे हा निर्दयपणा ठरेल. तरीही प्रश्न उरतोच. आगारातली कोणतीही गाडी कोणीही चालू करून दरवाजाबाहेर नेऊ शकतो, आणि चालकाच्या मनाची अवस्था कामावर पाठवण्यापूर्वी कोणी पाहत नाही, अशी व्यवस्था भरवशाची म्हणता येईल काय? गाडी चालवण्याचे कसब त्या माणसापाशी होते. कसबाने कोणाचेही प्राण वाचले नाहीत.

तेरा वर्षांनी, २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, त्याच स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या एका शिवशाही गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला. ‘तुमची गाडी तिकडे लागली आहे’ एवढ्या बतावणीवर हा गुन्हा घडला. त्या बतावणीवर विश्वास ठेवल्याबद्दल पुढे काही मंडळींनी पीडितेकडेच बोट दाखवले, ही या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होय. सरकारी स्थानकावर गाडी कोठे लागली आहे हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असे स्त्रियांना शिकवावयाचे असेल तर सार्वजनिक स्थानक या शब्दाला अर्थ उरत नाही. पहारेकरी नेमलेले होते, पोलीस ठाणे समोरच होते. नोकरीच्या हजेरीपटावर माणसे होती. प्रवाशाला जेथे ती हवी होती तेथे नव्हती. घटनेनंतर पहारेकरी बदलण्यात आले, चौकशा झाल्या, नादुरुस्त गाड्या हलवण्याचे आदेश निघाले. हे सारे आदल्या दिवशी करणे म्हणजेच भरवसा. दुसऱ्या दिवशी केले की ती फक्त सारवासारव होते.

आणि जे भरवशाने काम करतात त्यांच्याशी राज्यसंस्था कसे वागते? २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत नेले ते एसटीच्या चालक-वाहकांनी. साथीच्या भीतीने सारे घरात बसले असताना ते रस्त्यावर होते. त्याच वर्षी त्यांचे पगार थकले. ज्यांनी कधी फेरी चुकवली नाही त्यांचा पगार महिनोन्‌महिने चुकला. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर विलीनीकरणाची मागणी घेऊन सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, आणि त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. संपाच्या नेतृत्वाविषयी आणि डावपेचांविषयी मतभेद असू शकतात. खेड्यातल्या माणसाचे त्यात अतोनात हाल झाले हेही खरे आहे. पण त्या हालांची सुरुवात संपाने झाली असे म्हणणे अर्धसत्य होईल. ती पगाराच्या तारखेला पगार न झाल्याच्या दिवशी झाली होती.

या सर्वांवर उपाय म्हणून अलीकडे कंत्राटाचा मार्ग सुचवला जातो. खाजगी क्षेत्रापाशी कल्पकता आहे, नवे तंत्रज्ञान आहे, हुशार व्यवस्थापक आहेत, असे सांगितले जाते. ते असेलही. परंतु ज्या पुणे महानगर परिवहन महामंडळाचे मुख्यालय स्वारगेटलाच आहे, त्याच्या प्रवाशांनी मार्च २०२३ मध्ये कंत्राटाचे फळ पाहिले; थकलेल्या बिलांसाठी कंत्राटदारांनी गाड्या उभ्या केल्या आणि चाकरमाने थांब्यावर ताटकळले. राज्य महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला, त्या गाड्याही ठरल्या वेळापत्रकाने आल्या नाहीत. कंत्राटदाराचा भरवसा बिलाच्या तारखेपर्यंत असतो. प्रवाशाला तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत हवा असतो.

चळवळीचा अनुभव

स्वारगेटचा चौक केशवराव जेधे यांच्या नावाने ओळखला जातो. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या आंदोलनात प्रतिभेची वाण नव्हती. आचार्य अत्र्यांची वाणी आणि लेखणी, शाहिरांचे पोवाडे यांनी महाराष्ट्र पेटवला. त्या प्रतिभेवाचून तो लढा इतक्या घराघरांत पोहोचला नसता हे मान्यच केले पाहिजे. परंतु समितीत प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामकरी पक्ष होता, दलितांचा पक्ष होता. एकमेकांविषयी मनात अढी असलेल्या या पक्षांना चार वर्षे एका व्यासपीठावर बांधून ठेवण्याचे काम टाळ्यांच्या कडकडाटात होणारे नव्हते. सरचिटणीस म्हणून एस. एम. जोशी यांनी ते केले. प्रत्येक पक्षाला, विरोधकालाही, एवढी खात्री होती की हा माणूस एका बैठकीत एक आणि दुसऱ्या बैठकीत दुसरे सांगणार नाही. १ मे १९६० रोजी जे राज्य मिळाले, त्यात या खात्रीचा वाटा वक्तृत्वाच्या वाट्याहून कमी नव्हता. ज्वाला भडकवणारा आणि निखारा जपणारा असे दोघेही चळवळीला लागतात. महाराष्ट्राने पहिल्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली.

आजच्या पक्षकार्यातही हे चित्र दिसते. एखादा तरुण उत्तम बोलतो, त्याला लगेच व्यासपीठ मिळते, पद मिळते. त्याच शाखेत दुसरा एखादा असतो. तो सभेला खुर्च्या मांडतो, वर्गणीच्या पावत्या जुळवतो, रेशनकार्डाचे अर्ज घेऊन तहसील कचेरीत सातव्यांदा जातो, आणि ‘मंगळवारी येतो’ म्हटले की मंगळवारी वस्तीत हजर असतो. वस्तीतली बाई पक्षाला ओळखते ती त्याच्या चेहऱ्याने. पहिला वक्ता दुसऱ्या पक्षात गेला, आणि असे किती गेले हे सांगण्याची आवश्यकता नाही, तर पक्षाची एक सभा फिकी पडते. दुसरा कंटाळून घरी बसला तर वस्तीच हातची जाते. तरीही पदांची वाटणी करताना पहिल्याचा विचार आधी होतो आणि दुसऱ्याला ‘आपलाच आहे, तो कोठे जातो’ असे म्हणून गृहीत धरले जाते. मालकाने हमालाला गृहीत धरले त्याहून हे वेगळे कसे?

अर्थात नियमितपणालाही त्याचे रोग आहेत. वीस वर्षे तोच अर्ज त्याच पद्धतीने लिहिणारा, प्रश्न बदलला तरी उत्तर न बदलणारा कार्यकर्ता भरवशाचा नसतो. तो केवळ सवयीचा असतो. परिस्थिती पाहून मार्ग बदलणे हेही विसंबलेल्या माणसांप्रती कर्तव्यच आहे, आणि त्यासाठी बुद्धी लागते, अभ्यास लागतो, कधीकधी प्रतिभाही लागते. म्हणून प्रतिभेला विरोध करण्याचे कारण नाही. आग्रह एवढाच की, प्रतिभा ही भरवशाच्या सेवेत असावी. ज्या अभियंत्याने बसच्या इंजिनाची रचना केली त्याची बुद्धी थोर आहे. पण रोज रात्री आगारात तेलपाणी पाहणाऱ्या यांत्रिकाने एक आठवडा हयगय केली तर ती थोर बुद्धी कात्रजच्या चढावर धूर ओकत उभी राहते.

काय केले पाहिजे?

यातून दोन प्रकारची कामे निघतात. पहिली मागणीची. चालक-वाहकांचा पगार ठरल्या तारखेला, पुरेशी विश्रांती आणि मुक्कामाच्या ठिकाणी झोपण्याची सभ्य सोय, नादुरुस्त गाडी नाकारण्याचा निर्भय अधिकार, स्थानकावर रात्री जबाबदार माणूस, आणि रद्द होणाऱ्या प्रत्येक फेरीचा जाहीर हिशेब. यांपैकी एकही मागणी डोळे दिपवणारी नाही, आणि म्हणूनच त्या कोणत्याही जाहीरनाम्यात शोभेला लावल्या जात नाहीत. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी महिनाभर आगाराच्या फलाटावर उभे राहून कोणत्या फेऱ्या रद्द झाल्या याची वही ठेवली, तर एका मोर्चाहून अधिक दारूगोळा त्या वहीत सापडेल. मात्र वही रोज भरली पाहिजे. पंधरा दिवस भरून सोडलेली वही आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर एक मिनिटही टिकणार नाही.

दुसरे काम पक्षाच्या आतले. दहा आश्वासने देऊन तीन पाळण्यापेक्षा तीनच द्यावीत आणि तिन्ही पाळावीत. येणे जमणार नसेल तर आधी कळवावे. नकार वेळेवर पोहोचवणे हाही भरवशाचाच एक भाग आहे, आणि तो खेड्यातल्या माणसाला शहरी माणसाहून अधिक कळतो, कारण तो एक दिवसाची मजुरी बुडवून भेटायला आलेला असतो. जो कार्यकर्ता न बोलता काम करतो त्याच्या घरची अडचण शाखेने विचारावी. त्याच्या मुलाची फी, त्याच्या पत्नीचे आजारपण ही पक्षाची बाब मानावी. पद देताना भाषण ऐकण्याबरोबर मागील वर्षाची वहीही पाहावी. आणि वस्तीत गेल्यावर प्रथम एवढेच विचारावे की, मागच्या वेळी सांगून गेलेले काम झाले का?

समाजवादाची व्याख्या करण्यात या देशात मोठमोठ्या बुद्धिमंतांनी आयुष्ये घालवली आणि त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या बाईला उद्या पहाटे कामावर पोहोचायचे आहे, तिच्या लेखी त्या व्याख्येचा एक साधा पडताळा आहे. पहाटेची गाडी येते की नाही, आणि ती चालवणाऱ्याच्या घरी महिन्याच्या शेवटी पगार पोहोचतो की नाही. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर रोज ‘होय’ असे देता येईल अशी व्यवस्था उभारणे हे दीर्घ, कंटाळवाणे आणि टाळ्या न मिळवणारे काम आहे. ते करण्यासाठी असामान्य माणसांची वाट पाहत बसण्याची गरज नाही. सामान्य माणसे, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी हजर राहिली तर ते होण्यासारखे आहे.